उजवा हात दुसऱ्याचा: बाहुलीकारांच्या जोड्या कशा लावायच्या?

फ्लोअर_फोंडा

नमस्कार मंडळी. लहान मुलांची मालिका आहे. १३ भाग, प्रत्येकी २२ मिनिटं, मराठी आणि कोंकणी अशा दोन आवृत्त्या. जागा गोव्यातल्या फोंड्याजवळची शेड. बाहुलीकार चार, बाहुल्या सहा. चार बाहुल्या काठीच्या, म्हणजे त्यांचे हात बारीक काठ्यांनी हलतात, एकेकट्याने चालवायच्या. उरलेल्या दोन मोठ्या आणि खऱ्या हातांच्या, म्हणजे दोघांनी मिळून चालवायच्या. एकाचा उजवा हात डोक्यात आणि डावा बाहुलीच्या डाव्या हातात. दुसरा त्याच्या उजवीकडे चिकटून उभा, त्याचा उजवा हात बाहुलीच्या उजव्या हातात.

काठीच्या बाहुल्यांचं जमतंय. मोठ्या बाहुल्यांचे दोन हात मात्र दोन वेगळ्या माणसांचे आहेत हे शेंबडं पोरही ओळखेल. उजवा हात उगाच वळवळतो, नाहीतर मेल्यासारखा लोंबतो. दोन मिनिटांच्या दृश्याला अकरा-बारा टेक जातात. मग धुसफूस. डोकं धरणारा म्हणतो, "मी सांगतो तसं कर." दुसरा म्हणतो, "सांगितलंस कधी?" दिग्दर्शकाने "थोडं डावीकडे" म्हटलं की दोघं चक्क विरुद्ध दिशांना जातात.

माहितीसाठी: बाहुलीकार सेटच्या कडेखाली हात वर करून उभे राहतात आणि बाहुली मॉनिटरवर बघून चालवतात. मॉनिटर म्हणून ३२ इंची घरगुती टीव्ही, एकच, कॅमेऱ्याला बिनतारी जोडलेला. एका जोडीत एकाची उंची ५ फूट ९ इंच, दुसरीची ५ फूट २ इंच. चौघांपैकी दोघं शाळांतून हातमोजा बाहुल्यांचे खेळ करणारे, एक नाटकातला, एक सिंधुदुर्गातल्या पिंगुळीकडे कळसूत्री, म्हणजे दोऱ्यांच्या बाहुल्या शिकलेली.

जोड्या कायम ठेवाव्यात की फिरवाव्यात? शब्द कोणाचा चालावा? सूचना कोणी कोणाला द्यावी? आणि श्रेयनामावलीत उजव्या हाताचं नाव कसं घालतात?

काळी_टोपी

"विरुद्ध दिशांना जातात" इथेच निम्मं उत्तर आहे. स्वभावांकडे नंतर वळा, आधी तो टीव्ही तपासा.

बाहुलीकाराला कॅमेऱ्यात दिसतं तसंच चित्र दिसायला हवं, आरशासारखं नको. आरशासमोर तुम्ही उजवा हात हलवला तर उजवीकडची प्रतिमा हलते. मॉनिटरवर तोच हात पडद्याच्या डाव्या बाजूला हलतो. शाळांतून खेळ करणारे बहुतेक आरशासमोर घोटून आलेले असतात, त्यांचा गोंधळ होणारच. मग कोणीतरी टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र उलटं करून ठेवतो. त्याला सोपं जातं, शेजारच्याची पंचाईत होते. म्हणून नियम एकच: चित्र कोणासाठीही उलटं करायचं नाही. सवय बदलायला रोज २० मिनिटं फक्त "डावीकडे बघ, उजवीकडे बघ, खाली वाक" एवढाच सराव. दोन आठवडे धरून चला. दिग्दर्शकानेही "डावीकडे" हा शब्द सोडून द्यावा. "खिडकीकडे", "दाराकडे", "माडाकडे" म्हणावं. सेटवरच्या वस्तूची दिशा उलटी होत नाही.

दुसरी गोष्ट विलंबाची. बिनतारी जोडणी आणि घरगुती टीव्ही दोन्ही चित्र उशिरा दाखवतात. हात हलवला, पडद्यावर काही दिसलं नाही, म्हणून आणखी हलवला, तोवर पहिली हालचाल दिसली. मग मागे ओढला. दोघंही असं करायला लागले की बाहुली लटपटते आणि दोघांनाही वाटतं की समोरचाच ओढतोय. मोजायचं असं: कॅमेऱ्यासमोर एकाने टाळी वाजवायची. मोबाइल २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर ठेवून खरी टाळी आणि टीव्हीवरची टाळी एकाच चौकटीत टिपायची. दोन टाळ्यांमधल्या फ्रेम मोजायच्या. २४ फ्रेम म्हणजे १०० मिलिसेकंद. आपल्याकडच्या प्रसारणात २५ फ्रेमचा सेकंद, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. प्रसारणाच्या दोन फ्रेमपर्यंत, म्हणजे ८० मिलिसेकंदांपर्यंत चालतं, तीनच्या पुढे ओठांची जुळणी हाताबाहेर जाते. उपाय साधा: तार लावा आणि टीव्हीत "गेम मोड" सुरू करा, तो चित्रावरची प्रक्रिया कमी करतो. मॉनिटर यूपीएसवर ठेवा. वीज गेली की आधी तोच आंधळा होतो आणि चार माणसं हात वर करून अंधारात उभी राहतात.

३२ इंच फार मोठा. जोडीला एक याप्रमाणे १५ ते १९ इंची दोन मॉनिटर घ्या. ते जमिनीवर, चार-पाच फुटांवर, किंचित वर कलवून ठेवा. हात वर आणि नजर खाली, अशी मान राहिली पाहिजे. हात वर आणि मानही वर असेल तर अर्ध्या तासात खांदा धरतो. काचेवर बाहुलीच्या छातीच्या उंचीला कागदी चिकटपट्टीची एक रेघ मारा. दमलेला हात नकळत खाली येतो आणि बाहुली "बुडते". दोघांना एकच रेघ दिसत असली की "तू बुडवलीस" हा वाद मिटतो.

उंची. डोक्याची नाही, खांद्याची मोजा. सात इंचांच्या फरकाची जोडी लावूच नका, चौघांत अदलाबदल करा. दोन-अडीच इंचांपर्यंतचा फरक १८ मिलिमीटर प्लायचे तुकडे चिकटवून केलेल्या पाटांनी निघतो. तीन थर म्हणजे ५४ मिलिमीटर. खाली रबर लावा, नाहीतर माईकमध्ये खडखड येते. त्याहून जास्त फरक असेल तर दोघांनाही चाकांच्या, उंची बदलणाऱ्या स्टुलांवर बसवा. बसल्यावर उंचीतला फरक बराच कमी होतो. बाहुलीला चालायचं नसेल अशा दृश्यांसाठी बसणंच बरं. सेटची कड मात्र सगळ्यात उंच माणसाच्या केसांच्या वर दोन इंच हवी आणि चौघांच्या डोक्याला पार्श्वभूमीच्या रंगाची टोपी.

आणि "कट" म्हटल्यावर दिग्दर्शक बोलत राहतो, बाहुल्या वरच राहतात. "कट" च्या पाठोपाठ "हात खाली" हे दोन शब्द फ्लोअर मॅनेजरने म्हणायचेच. चर्चा हात खाली असताना. टेक दोन मिनिटांपेक्षा लांब ठेवू नका. हात भरून आलेल्या माणसाशी कोणाचंच पटत नाही.

उजव्या_बाजूने

वरच्या तांत्रिक गोष्टी पटल्या. पण मॉनिटर सुधारला तरी उजवा हात आपोआप जिवंत होत नाही.

आधी त्या माणसाला "मदतनीस" म्हणणं बंद करा. हे स्वतंत्र काम आहे. १९६९ पासून चाललेल्या 'सेसमी स्ट्रीट' या अमेरिकी बालमालिकेतली अर्नी आणि बर्ट ही जोडी बघा. जिम हेन्सनचा अर्नी खऱ्या हातांचा, फ्रँक ऑझचा बर्ट काठ्यांचा. म्हणजे पडद्यावर दोन पात्रं आणि खाली माणसं तीन. तिसऱ्याचं काम चोख झालं की तिसरा आहे हेच कळत नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: शब्द तोंडाचा नाही, बाहुलीच्या डोळ्यांचा चालतो. बाहुली आधी बघते, मग हात जातो. मध्ये साधारण अर्धा सेकंद. डोकं धरणाऱ्याने वस्तूकडे बघितलं, ही उजव्या हाताला परवानगी. बघितलं नाही तर हात जागचा हलत नाही. एवढा एक करार पाळला तरी "सांगितलंस कधी?" बंद होतं, कारण सांगणं चित्रातच दिसतं. उलटही तितकंच खरं आहे. हाताने वस्तू उचलली की सूत्रं हाताकडे जातात. पेल्यात पाणी ओतायचं, फळ्यावर अक्षर काढायचं, पोयाचा (पावाचा) तुकडा तोडायचा, तेव्हा हात जाईल तिथे डोळ्यांनी जायचं. डोकं धरणारा तेव्हाही हुकूम सोडत राहिला की पाणी सांडतं. वस्तू खाली ठेवली की सूत्रं परत डोक्याकडे.

उजव्या हाताचा पहिला धडा स्थिर राहण्याचा. काही सुचत नसेल तर हालचाल नाही. पण स्थिर म्हणजे लोंबता नव्हे. मनगट किंचित वळलेलं, बोटं अर्धी मिटलेली, तळवा सेटच्या कडेवर किंवा बाहुलीच्या पोटावर टेकलेला. नवा माणूस प्रत्येक वाक्यावर हातवारे करतो आणि बाहुली मतं मागायला आलेल्या उमेदवारासारखी दिसते. एका वाक्याला एक हावभाव पुरे, पुष्कळदा एकही लागत नाही.

इशारे अंगातून जातात. उजव्या हाताच्या माणसाने आपला डावा खांदा डोकं धरणाऱ्याच्या उजव्या खांद्याच्या मागे टेकवून उभं राहायचं. श्वास, वजन टाकणं, वळणं हे सगळं तिथून कळतं. जपानच्या बुनराकू या पारंपरिक बाहुलीनाट्यात एका बाहुलीला तीन माणसं असतात. मुख्य बाहुलीकाराचा डावा हात डोक्यात आणि उजवा बाहुलीच्या उजव्या हातात, दुसऱ्याकडे डावा हात, तिसऱ्याकडे पाय. मुख्य माणूस उंच लाकडी खडावांवर उभा असतो, म्हणजे पायांवाल्याला खाली जागा मिळते. तिथे पायांची दहा वर्षं आणि डाव्या हाताची दहा वर्षं झाल्यावर डोक्याला हात लागतो असं सांगतात. बोलून काही ठरत नाही, मुख्य बाहुलीकाराच्या अंगाच्या हालचालीवरून बाकीचे दोघं ओळखतात. तुमच्याकडे वीस वर्षं नाहीत, म्हणून ठरावीक इशारे ठेवा. श्वास जोरात आत घेतला: दोन्ही हात वर. पायाने पायाला एकदा टेकवलं: टाळी. दोनदा: हात खाली. पाचाच्या वर इशारे ठेवू नका, ऐन वेळी आठवत नाहीत.

सरावाला रोज अर्धा तास, संवादांशिवाय. सुरुवातीला बाहुली फक्त विचार करते: हनुवटीला हात, नजर वर, हात खाली. मग दोन्ही हातांनी वर्तमानपत्राची घडी घालणं. मग केळं सोलणं. मग टाळ्यांची फुगडी. केळं सोलणं सगळ्यात कठीण, कारण डावा हात धरतो आणि उजवा ओढतो, म्हणजे दोन माणसांचा जोर एकाच वस्तूवर येतो. ते जमलं की बाकीचं जमतं. नेवऱ्यांना (करंज्यांना) कातरण घालायचं दृश्य असेल तर मात्र एक तास वेगळा काढा आणि पीठ जास्तीचं मळून ठेवा.

जोड्या कायमच्या ठेवा. मुख्य पात्राची जोडी निदान १३ भाग मोडू नका. भूमिका मात्र सरावात फिरवा. डोकं धरणाऱ्याने आठवड्यातून एक तास उजवा हात करावा, म्हणजे आपण न बघता हाताकडून अपेक्षा करतो हे त्याला उमगेल.

एक नाजूक पण आवश्यक गोष्ट. दोन माणसं तासन्‌तास अंगाला अंग लावून उभी राहतात. कुठे स्पर्श चालतो हे पहिल्या दिवशी मोकळेपणाने बोलून ठरवा: खांदा आणि दंड चालेल, कंबर नाही, असं स्पष्ट. कोणालाही कारण न सांगता जोडी बदलून मागता आली पाहिजे आणि ती मागणी एकाच ठरलेल्या माणसाकडे जावी, दिग्दर्शकाकडे नको. अत्तर, तंबाखू बंद. दुपारच्या जेवणात सुकं नुस्तें (सुकी मासळी) असेल तर दोघांनीही खा, नाहीतर दोघांनीही नको.

खिळा_आणि_दोरा

डोळे, श्वास सगळं ठीक, पण बाहुली कशी शिवली आहे ते कोणी विचारलंच नाही. अशा पुष्कळ भांडणांचं मूळ बाहीत असतं.

करून बघा: उजव्या हाताच्या माणसाने बाहुलीचा हात जास्तीत जास्त लांब पसरावा. डोकं जराही कललं तर बाही आखूड आहे. प्रत्येक हालचालीला कापड मान ओढतं आणि वर धरणाऱ्याला वाटतं की शेजारचा मुद्दाम खेचतोय. उजवी बाही डाव्यापेक्षा ८ ते १० सेंटिमीटर लांब हवी आणि खांद्याशी सैल चुण्या हव्यात, कारण आत शिरणारा हात बाहुलीच्या पोटातून सरळ येत नाही, बाजूने तिरका येतो. कोपराशी घट्ट झाली की माणूस कोपर वर उचलतो आणि ते चित्रात येतं. हातमोजे दोघांच्या हातांच्या मापाचे वेगवेगळे शिवू नका. मोठ्या हाताच्या मापाने दोन्ही करा आणि लहान हाताच्या मोज्यात बोटांच्या टोकांना कापूस भरा. नाहीतर बाहुलीचा एक पंजा मोठा दिसतो.

डोकं स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. ४०० ग्रॅमच्या वर गेलं असेल तर फोम आतून कोरा, केस हलके करा. तोंडाच्या आतल्या पट्टीत बोटं घसरत असतील तर पकड राहावी म्हणून सगळा हात आवळला जातो आणि मग मनगट फिरत नाही. वर बोटांना आणि खाली अंगठ्याला इलॅस्टिकचा एकेक पट्टा शिवून टाका.

काठ्यांबद्दल विचारलं नाहीत, पण सांगतो. सायकलचा स्पोक आखूड पडतो, छत्रीची काडी लांब असते पण वाकते. ३ मिलिमीटरची स्टीलची तार, ४५ सेंटिमीटर, खाली लाकडी मूठ. काळा चकचकीत रंग नको, दिव्यात चमकतो. खरखरीत मॅट रंग द्या.

आता पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेत इतका दमटपणा असतो की घामाने ओली झालेली बाहुली रात्रभरात वाळत नाही. ट्रंकेत बंद केली की आठवड्यात बुरशीचा वास येतो. आणि तो वास "कोणाचा" यावरून जे चालतं ते विचारू नका. प्रत्येकाचा स्वतःचा पातळ सुती आतमोजा असावा, नाव घालून, माणशी तीन जोड, रोज धुतलेले. पॅकअपनंतर बाहुली उभ्या दांड्यावर, आतून उघडी, रात्रभर पंख्याखाली. आतली बाजू ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या फडक्याने पुसायची, थेट फवारा नको, शिवणीजवळ चिकटवलेलं सुटतं. उन्हात तर अजिबात नाही. सोलां (कोकमं) आणि पापड वाळवायच्या सवयीने बाहुल्या अंगणात मांडल्या जातात, त्याने कापडाचा रंग उडतो आणि फोम पिवळा पडून भुगा व्हायला लागतो.

स्वर_आणि_ओठ

दोन भाषांचा मुद्दा राहिला. त्यावरूनही जोडीत खटके उडतात.

एकच चित्रीकरण करून वर दोन भाषांचा आवाज चढवायचा बेत असेल तर सोडून द्या. "तू कुठे चाललास?" याला तोंड पाच वेळा उघडतं, "तूं खंय वता?" ला चार वेळा. नुसत्या उघडझापीचा फरक नाही, हावभावही सरकतो. मराठीत हात "कुठे" वर जातो, कोंकणीत "खंय" वर. दोन्ही भाषांचे टेक वेगळे घ्या, पण सलग घ्या: दृश्य मराठीत, लगेच तेच कोंकणीत, तोच प्रकाश, त्याच जागा. सगळं मराठी आधी आणि कोंकणी महिन्याने असं केलंत तर उजवा हात सगळं विसरलेला असतो.

जुळणीचा नियम: स्वराला तोंड उघडायचं, प, फ, ब, भ, म ला पूर्ण मिटायचं. "आंबा" मध्ये दोनदा उघडतं आणि मधे ठळक मिटतं. जबडा अंगठ्याने खाली न्यायचा, बोटं वर उचलायची नाहीत. बोटं उचलली की सगळं डोकं डुलतं, उजव्या हाताच्या माणसाला वाटतं वळायचा इशारा आला, आणि तो वळतो.

आवाज शक्यतो डोकं धरणाऱ्याचाच घ्या. आवाज दुसऱ्याचा असेल तर तो आधी ध्वनिमुद्रित करून बाहुलीकाराला निदान एक दिवस आधी द्या, आणि वाक्यांमधल्या श्वासांच्या जागा संवादपत्रावर उभ्या रेघेने दाखवा. संवादपत्र मॉनिटरच्या कडेला चिकटवायचं, दोघांसाठी एकच प्रत. उजव्या हाताच्या हालचाली त्याच प्रतीवर लाल पेनाने.

फ्लोअर_फोंडा

सगळ्यांचे आभार. टाळी मोजली: बिनतारी जोडणीवर ४३ फ्रेम, म्हणजे १८० मिलिसेकंदांच्या आसपास. तार आणि गेम मोड लावल्यावर १४ फ्रेम, म्हणजे ६० मिलिसेकंदांच्या आत. टीव्हीचं चित्र खरोखरच कोणीतरी उलटं करून ठेवलं होतं. बाही ६ सेंटिमीटर आखूड निघाली, ती उसवायला दिली आहे.

दोन गोष्टी राहिल्या. श्रेय आणि मोबदला कसा लिहावा? आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात एक डोकंवाला सुट्टीवर आहे, त्याच्या जागी दुसरा उभा केला तर चालेल का?

करारनामा_म्हापसा

श्रेय हा केवळ मानपानाचा विषय नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात "सादरकर्ता" या व्याख्येत अभिनेते, गायक, वादक यांच्यासोबत सादरीकरण करणारी कोणतीही व्यक्ती येते, त्यामुळे बाहुलीकारही येतो. पण २०१२ च्या दुरुस्तीत एक अट आहे. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत कुठेच येत नाही, त्याला सादरकर्ता धरलं जात नाही. त्याच्याकडे उरतो फक्त आपल्या कामाची मोडतोड होऊ न देण्याचा हक्क. आणि कायद्याच्या भाषेत चित्रपट म्हणजे फक्त थिएटरमधला सिनेमा नव्हे, अशी चित्रीकरणंही त्यात येतात. म्हणून उजव्या हाताचं नाव गाळणं म्हणजे उद्या त्याच्या हक्कांवर वाद उभा करायला जागा ठेवणं. सादरकर्त्याचे हक्क ५० वर्षं टिकतात. लेखी करार करून चित्रणाला संमती दिली की निर्मात्याच्या वापराला आडकाठी करता येत नाही, मात्र व्यावसायिक वापरातल्या रॉयल्टीचा हक्क कायद्यात राहतो.

नाव लिहायची पद्धत: पात्राचं नाव, त्यापुढे डोकं आणि आवाज करणाऱ्याचं, खालच्याच ओळीत त्याच अक्षरांत "उजवा हात" म्हणून दुसऱ्याचं. "विशेष सहकार्य" या गठ्ठ्यात नको.

करारात एवढं वेगळं लिहा. दिवसाचा दर दोघांना सारखा, आवाजाचे पैसे वेगळे. असं केलं की डोक्याला जास्त का, हा प्रश्न उरत नाही, जास्त मिळतं ते आवाजाचं असतं. पुन्हा ध्वनिमुद्रणाला बोलावलं तर अर्धा दिवस की पूर्ण, ते आधीच ठरवा. शाळांतले कार्यक्रम, शिगम्याच्या मिरवणुकीतला चित्ररथ, जाहिरात यांना प्रत्येक वेळी नवी संमती. या तिन्ही ठिकाणी "आलाच आहेस तर बाहुली घेऊन ये" असं होतं आणि दोघांपैकी एकालाच बोलावलं जातं. बाहुली कोणाच्याही घरी जाणार नाही, ट्रंकेच्या किल्ल्या दोन: निर्मिती विभागाकडे एक, बाहुली दुरुस्त करणाऱ्याकडे एक. आणि बदली माणूस उभा करायचा तर मूळ कलाकाराला आधी कळवायचं, हेही त्यात घाला.

उजव्या_बाजूने

बदलीचं: चालेल, पण आठ दिवसांत नाही. 'सेसमी स्ट्रीट'मधला आठ फूट दोन इंचांचा, माणसाने आत शिरून चालवायचा बिग बर्ड हा पक्षी कॅरोल स्पिनीने १९६९ पासून २०१८ पर्यंत केला. त्याच्यानंतर आलेला मॅट व्होगेल त्याआधी कित्येक वर्षं त्याचा बदली कलाकार म्हणून तयार होत होता. त्या पोशाखात बाहेरचं काही दिसत नाही, छातीवर बांधलेल्या छोट्या मॉनिटरवर बघून चालायचं. डावा हात पंखात, उजवा हात वर डोक्यात. मग उजवा पंख? तो मासेमारीच्या पारदर्शक दोऱ्याने डाव्याशी जोडलेला, डावा खाली गेला की उजवा वर. दुसरा माणूस आत मावतच नाही तेव्हा उजव्या हाताची सोय अशी करतात.

तुमच्यासाठी आत्ता एवढं करता येईल. प्रत्येक पात्राची एक वही: चाल किती ठेक्याची, हसताना मान कुठे जाते, खोटं बोलताना डोळे कुठे, घाबरल्यावर उजवा हात काय करतो. त्यातल्या प्रत्येक गोष्टीचा मोबाइलवर दहा सेकंदांचा नमुना. वही डोकंवाल्याने नाही, उजव्या हाताने लिहायची. डोकंवाल्याला स्वतःच्या लकबी दिसत नाहीत. बदलीची वेळ आलीच तर डोकं त्याच जोडीतल्या उजव्या हाताला द्या आणि नवा माणूस उजव्या हाताला घ्या. दोन्ही नवे एकदम नकोत. आवाज मूळ कलाकाराचा, आधी ध्वनिमुद्रित केलेला.

चवथीच्या आठवड्यात मात्र हे काहीच करू नका. गोव्यात त्या आठवड्यात दिवे लावणारा, चहा देणारा, कोणीच सापडत नाही. काठीच्या बाहुल्यांची सुटी दृश्यं त्या आधीच्या चार दिवसांत उरकून घ्या.

पिंगुळीकडे शिकलेल्या ताईंना कुठे घ्यायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते त्यांना मोठ्या बाहुलीचं डोकं द्या. सूत्रधार बाहुलीच्या मागे उभा राहून खाली बघत बाहुली चालवतो, त्यामुळे हात एकीकडे आणि नजर खाली याची सवय त्यांना आहे. जमिनीला पाय लागल्यासारखी चाल काढणं त्यांना बाकी तिघांपेक्षा लवकर जमेल, हातमोज्याची बाहुली बहुधा तरंगत चालते. अडेल ते दोन ठिकाणी. सूत्रांच्या बाहुलीत बाहुलीची उजवी बाजू ती आपलीही उजवी असते, मॉनिटरवर ती पडद्याच्या डावीकडे जाणार. आणि सूत्रं धरणाऱ्याचे हात छातीच्या पातळीवर असतात, डोक्याच्या वर नाहीत. पहिले दहा दिवस त्यांना सलग एक मिनिटापेक्षा जास्त हात वर ठेवायला लावू नका, मग दर दोन दिवसांनी पंधरा-पंधरा सेकंद वाढवा. त्यांच्या उजव्या हाताला नाटकवाला द्या. रंगमंचावर दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत गप्प उभं राहायची सवय त्याला असेल.

खिळा_आणि_दोरा

बाही उसवताय तर शिवण परत घालताना काखेत चौकोनी तुकडा जोडायला सांगा, १० बाय १० सेंटिमीटर. नाहीतर पुढच्या आठवड्यात तिथेच फाटेल.